गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय? आधी वॅटचा हिशोब लावा, मग कार्ड घ्या

कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ हे सगळेच विचारतात, पण ते कार्ड किती वॅट खाणार आणि तेवढी वीज आपल्या घरात धडपणे येते का, हे विचारणारा एखादाच. व्हिडिओत एसीच्या खोलीत बसून कुणी सांगतं की चारशे-पाचशे वॅट म्हणजे काय विशेष नाही. त्याचं बरोबरच असेल, पण आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर, खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला, आणि संध्याकाळी व्होल्टेजचा काही भरवसा नाही. अशा ठिकाणी एकाच वॅटचे पैसे तीनदा जातात, एकदा लाईटबिलात, एकदा त्या वॅटची उष्णता बाहेर काढायला कूलर-एसीत, आणि एकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीत. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आधी मोजा, मग आहे त्याच पीसीचा खर्च कमी करा, आणि त्यानंतरही पुरलं नाही तरच दुकानात जा.

पहिलं काम: आत्ताचा पीसी किती खातो ते मोजा

प्लगला लावायचं वॅटमीटर किंवा वॅट दाखवणारा स्मार्ट प्लग मिळतो, तो घेतलात तर बरंच. घ्यायचा नसेल तर घराच्या मीटरवरच काम भागतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, कुठं १६००, कुठं ३२००, प्रत्येक मीटरचं वेगळं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त पीसी आणि मॉनिटर चालू ठेवा, एकाला गेम खेळायला बसवा आणि तुम्ही मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. मग जेवढ्या आल्या त्याला ६०,००० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला २० आल्या तर २० गुणिले ६०,००० भागिले ३२००, म्हणजे ३७५ वॅट. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर आई फ्रिज चालू करून जाते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

हे तीन वेळा करायचं: डेस्कटॉपवर काहीच चालू नसताना, गेमच्या मेनूत, आणि खरंच खेळताना. मेनूतला आकडा पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण मेनूत फ्रेमला, म्हणजे कार्ड सेकंदाला जेवढी चित्रं काढतं त्यांना, लगाम नसला की कार्ड नुसतंच पळत सुटतं, कधीकधी खेळताना खातं तेवढंच खातं.

पीसीच्या आत कोण किती खातंय ते बघायला एचडब्ल्यूइन्फो६४ टाका, फुकट आहे. त्यात कार्डाचे आणि प्रोसेसरचे वॅट वेगवेगळे दिसतात. फक्त एक लक्षात ठेवा, एएमडीच्या जुन्या रेडिऑन कार्डांवर तिथं दिसतो तो आकडा नुसत्या चिपचा असतो, अख्ख्या कार्डाचा नाही, त्यामुळं खरा खर्च त्याहून जास्त धरायचा. आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वाया जाणारी वीज सॉफ्टवेअरला दिसतच नाही, ती भिंतीवरच मोजावी लागते.

आलेले आकडे एका कागदावर लिहून ठेवा, पुढं लागणारेत.

बिलात पीसी कुठं बसतो

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. ३५० वॅटचा पीसी रोज चार तास चालवला तर महिन्याला ४२ युनिट. इथवर सोपंय. गडबड पुढं होते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत, आणि पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर दुपटीहून जास्त होतो. आता घरातले पंखे, फ्रिज, टीव्ही, मोटर यांनी पहिले शंभर युनिट कधीच संपवलेले असतात. तुमचा पीसी त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो, म्हणजे पीसीचं प्रत्येक युनिट महागातल्या टप्प्यातलंच धरायचं. कुणी एकूण बिलाला एकूण युनिटने भागून सरासरी काढतो आणि म्हणतो मला पीसीचं युनिट स्वस्तात पडतं, तो स्वतःलाच फसवतोय. उन्हाळ्यात तर कूलरमुळं घर २७०-२८० वर गेलेलंच असतं, त्यात पीसीचे ४२ आले की ३०० ची रेघ ओलांडली.

म्हणून बिल हातात घ्या, मागच्या बाजूचे दर बघा, आपण ज्या टप्प्यात पोचतो त्या टप्प्याचा दर अधिक वहन आकार अधिक वीजशुल्क असं धरा, तो पीसीचा खरा दर. खालच्या हिशोबात मी सोपं जावं म्हणून १० रुपये धरलेत, तुम्ही तुमचा टाका. लातूरला क्लासेससाठी रूम करून राहिलेल्या पोरांचं आणखी वेगळं असतं, तिथं घरमालक सबमीटर लावून स्वतःचा दर सांगतो, तोच धरायचा, वाद घालून उपयोग नसतो. (नीटची तयारी आणि गेमिंग पीसी एकाच खोलीत कसे नांदतात हा विषय आपण सोडून देऊ.)

पैसे न घालता होणारं काम: आहे त्याच पीसीचा खर्च उतरवा

ही पायरी लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त फायदा हिच्यातच आहे, म्हणून इथं जरा निवांत थांबू.

सुरुवात फ्रेम लिमिटपासून करा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा, आणि व्हॅलोरंट २८० फ्रेमवर पळतंय, तर वरच्या फ्रेम तुम्हाला दिसत नाहीत. स्पर्धेत उतरणारे लोक म्हणतील की जास्त फ्रेमने माऊसचा प्रतिसाद लवकर मिळतो, आणि ते खोटं नाही, पण गोष्टीवाले गेम खेळताना त्याचा काही संबंध नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट म्हणून सेटिंग आहे, रेडिऑनमध्ये चिल आहे, आणि आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्येही लिमिट टाकता येतं. ६० हर्ट्झला ६०, १४४ हर्ट्झला १४० च्या आसपास ठेवा. हलक्या गेममध्ये एवढ्यानंच कार्डाचा खर्च निम्म्यावर येतो, पंखे शांत होतात आणि खोलीतला उकाडा कमी होतो.

दुसरं, पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा. आफ्टरबर्नर उघडलं की समोरच पट्टी असते, ती १०० वरून ८० वर आणा, लागू करा, खेळून बघा. कंपन्या कार्ड विकताना शेवटच्या चार-पाच टक्के फ्रेमसाठी व्होल्टेज ताणून ठेवतात आणि त्या शेवटच्या टोकाला वीज सगळ्यात जास्त जाते, त्यामुळं वीज २० टक्के कमी केली तरी फ्रेम २० टक्के कमी होत नाहीत, घट त्याहून बरीच कमी असते. यात कार्डाला कसलाही धोका नाही.

तिसरं अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं, हे जरा कष्टाचं पण सगळ्यात गोड फळ देणारं. चिपचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तोच वेग १.०५ व्होल्टऐवजी ०.९० व्होल्टवर मिळाला तर कागदावर चिपचा खर्च चौथ्या हिश्श्याने उतरतो. करायचं असं:

१. आधी नेहमीचा जड गेम अर्धा तास चालवा आणि कार्डाचा घड्याळाचा वेग, म्हणजे कोअर क्लॉक, कुठं स्थिरावतो ते बघा. समजा १८५० मेगाहर्ट्झ.

२. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, वक्ररेषा उघडेल, खाली व्होल्टेज, उभ्या बाजूला वेग.

३. मुख्य खिडकीत कोअर क्लॉकची पट्टी उणे २०० वर आणून लागू करा, अख्खी रेषा खाली बसेल.

४. आता एनव्हिडियाच्या ३०-सिरीजच्या (३०६०, ३०८० वगैरे) कार्डाला ९०० मिलिव्होल्टचा ठिपका, ४०-सिरीजला ९५० च्या आसपासचा ठिपका पकडा, वर ओढून पहिल्या पायरीत बघितलेल्या वेगाच्या जरा खाली, आपल्या उदाहरणात १८०० वर, न्या आणि लागू करा. उजवीकडची रेषा सपाट होते, म्हणजे कार्ड यापेक्षा जास्त व्होल्टेज मागणारच नाही.

५. तुमच्याकडचा सगळ्यात जड गेम तासभर खेळा. गेम बंद पडला किंवा पडद्यावर ठिपके उडायला लागले तर वेग १५-३० ने कमी करा, नाहीतर व्होल्टेज २५ ने वाढवा.

दोन-चार दिवस नीट चाललं की मगच प्रोफाईल सेव्ह करून विंडोजसोबत आपोआप लागू व्हायला टाका, आधी टाकू नका, नाहीतर पीसी चालू होतानाच अडकायचा आणि मग सेफ मोड शोधत बसायचं. रेडिऑनवाल्यांना हे कार्डाच्या अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच मिळतं, ट्यूनिंगमध्ये जाऊन व्होल्टेज २५-२५ ने खाली आणत जायचं. आणि शेजाऱ्याचे आकडे जसेच्या तसे टाकू नका, एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत फरक असतो.

प्रोसेसरचंही थोडं. एएमडीचा रायझन असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग, पीसी चालू होताना उघडते ती) इको मोड बघा, १०५ वॅटवाला प्रोसेसर ६५ च्या वर्गात येतो आणि गेममध्ये फरक शोधावा लागतो, कारण बहुतेक गेममध्ये खरा भार कार्डावर असतो. इंटेलच्या के-मॉडेलला (नावात शेवटी के असलेले) पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सतत आणि थोड्या वेळापुरत्या विजेच्या मर्यादा, कमी करा, कितीतरी मदरबोर्ड त्या मुळातच उघड्या सोडतात. १३व्या-१४व्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर २०२४ नंतरचं बायोस टाकलंय का हे आधी तपासा, जास्त व्होल्टेजमुळं ते प्रोसेसर कायमचे खराब व्हायलेत म्हणून इंटेलने मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली होती. विंडोजचा पॉवर प्लॅन बॅलन्स्डवर असू द्या, हाय परफॉर्मन्सने गेममध्ये सहसा काही मिळत नाही, उलट नुसतं बसल्या जागी वॅट वाढतात.

आणि आता एक हिशोब जो मला फार आवडतो. रात्री गेम डाऊनलोडला लावून पीसी चालू ठेवून झोपायचं ही आपल्याकडची जुनी सवय. ६० वॅट गुणिले आठ तास, महिनाभर, झाले १४.४ युनिट. ३२० वॅटच्या कार्डाऐवजी २०० वॅटचं कार्ड घेऊन रोज चार तास खेळलं तर वाचतात किती, तर १२० गुणिले चार गुणिले तीस, तेही १४.४ युनिटच. म्हणजे एका सवयीची किंमत एका महागड्या अपग्रेडच्या बचतीइतकी. डाऊनलोड संपल्यावर बंद व्हायची सोय स्टीमसारख्या लाँचरमध्ये नसली तर टायमरने शटडाऊन लावा, जमत नसेल तर हायबरनेट. ज्यांच्याकडं लाईट जाते-येते त्यांना हायबरनेट तसंही स्लीपपेक्षा बरं, स्लीपमध्ये लाईट गेली की उघडं ठेवलेलं सगळं गेलं.

कार्ड घ्यायचंच असेल तर

इतकं करूनही फ्रेम पुरत नसतील तर अपग्रेड करा, पण बिल वाचवायला म्हणून नवीन कार्ड घेतोय असं घरी सांगू नका, पकडले जाल. वरच्याच उदाहरणात १४.४ युनिटचे दहाच्या दराने महिन्याला १४४ रुपये, वर्षाला साधारण १,७२८. चांगल्या कार्डाची किंमत यातून कधी फिटणार! वॅट बघायचे ते दुसऱ्या कारणांसाठी: जुना एसएमपीएस चालून जातो का, इन्व्हर्टरवर निभतं का, आणि मे महिन्यात त्या खोलीत बसवतं का.

कंपनीने दिलेले कार्डाचे वॅट शेजारी शेजारी मांडले की चित्र लगेच दिसतं. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागायचे, आरएक्स ६६०० ला १३२ लागतात आणि ते खेळायला कितीतरी पुढं आहे. आरटीएक्स ३०६० चे १७०, ४०६० चे ११५, ५०६० चे १४५. ३०८० ला ३२०, आणि जवळपास तेवढ्याच फ्रेम देणाऱ्या ४०७० ला २००. ५०७० ला २५०, आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४. वरच्या टोकाला ४०९० चे ४५० आणि ५०९० चे ५७५, त्यांचा विचार करणाऱ्याला या लेखाची गरज नाही, त्याला वेगळ्या वायरिंगची आणि एसीची आहे.

सेकंड हँड बाजारात ३०८० स्वस्तात दिसलं की हात शिवशिवतो. घ्या की, पण त्याच्यासोबत मोठा एसएमपीएस आणि खोलीत जास्तीचे १२० वॅट येतात हे धरून किंमत ठरवा. मेमरीकडंही बघा, ४०६० वीज कमी खातं पण ८ जीबीचंच आहे आणि जुनं ३०६० हे १२ जीबीचं मिळतं, नुसते वॅट बघून निर्णय घेतला तर तिथं फसगत होते.

आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतात आणि बरीच पोरं त्यातच गेमिंग करायलेत. त्यांचा एसएमपीएस दोन-अडीचशे वॅटचा, कनेक्टर त्या कंपनीचा वेगळाच, आणि कार्डाला द्यायची वायर नसतेच. अशांनी वेगळी वायर न लागता फक्त स्लॉटवर चालणारं कार्ड बघावं, कारण कार्ड जिथं बसतं तो मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. जीटीएक्स १६५० च्या काही आवृत्त्या, ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० जे ७० वॅटमध्ये बसतं, आणि आरएक्स ६४०० जे ५३ वॅटचं आहे. यातलं शेवटचं जुन्या बोर्डावर घेऊ नका, त्याला स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत आणि जुन्या पिढीच्या स्लॉटवर ते मार खातं.

एसएमपीएस: इथं कंजुषी नको

दुकानात मिळणाऱ्या साध्या, कॅबिनेटसोबतच येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं. बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघायचं, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. तिथं २० अँपिअर असेल तर बारा गुणिले वीस, २४० वॅट, बाकी नुसती जाहिरात. चांगल्या एसएमपीएसवर ४५० पैकी ४३०-४५० वॅट १२ व्होल्टवरच मिळतात. हातात घेऊन वजनही बघा, हलकाफुलका लागला की आत काय नसणार त्याचा अंदाज येतो.

किती वॅटचा घ्यायचा? प्रोसेसरचे जास्तीत जास्त वॅट, अधिक कार्डाचे, अधिक बोर्ड-रॅम-पंखे-डिस्कचे ५०-६०, आणि येईल त्याच्यावर तीस-चाळीस टक्के मोकळीक. रायझन ५ ५६०० भरात ७६ वॅटपर्यंत जातो, ४०६० चे ११५, वरचे ६०, झाले २५० च्या आसपास. म्हणजे चांगल्या बनावटीचा ४५० पुरतो, एनव्हिडिया स्वतः ५५० सांगते, तेवढा घेतलात तर पुढच्या कार्डालाही जागा राहते. साडेसातशे-आठशे घ्यायची गरज नाही. मोकळीक कशाला, तर मोठी कार्डं क्षणभरासाठी लिहिलेल्यापेक्षा खूप जास्त ओढतात, एक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, पण तेवढ्यात कमजोर एसएमपीएस बंद पडतो आणि गेममध्ये असताना पीसी खाडकन रीस्टार्ट होतो. एटीएक्स ३.० (एसएमपीएसचं नवं मानक) लिहिलेले एसएमपीएस असे दुपटीपर्यंतचे झटके सोसायच्या हिशोबाने बनवलेत.

आता ब्राँझ-गोल्डचं. कार्यक्षमतेची ही लेबलं ८० प्लसची. निम्म्या भारावर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०, प्लॅटिनम ९२, टायटॅनियम ९४, हे ११५ व्होल्टच्या चाचणीतले आकडे आहेत, आपल्या २३० वर थोडे चांगले येतात. आत ३०० वॅट लागत असतील तर ब्राँझ भिंतीतून ३५३ ओढतो आणि गोल्ड ३३३. फरक २० वॅट, रोज चार तास म्हणजे महिन्याला २.४ युनिट, चोवीस रुपये! त्यामुळं गोल्डने बिल वाचतं हे दुकानदाराचं वाक्य कानामागं टाका. गोल्ड घ्यावा तो या कारणाने की त्यात सहसा आतला माल बरा असतो, उष्णता कमी होते, आणि वॉरंटी लांब असते. लेबलची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते, आपली खोली उन्हाळ्यात ३८ ला असते. म्हणून लेबलापेक्षा दुसरी ओळ शोधा: पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत देतो. ५० अंश लिहिलेला घ्या, ४० वाला आपल्या मे महिन्यात काठावरच असतो.

वायरींबद्दल दोनच गोष्टी. कार्डाला दोन ८-पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी ओढा, एकीचंच शेपूट दुसऱ्यात घालू नका. आणि डिस्कला जाणाऱ्या साटा वायरीला जोडून ८-पिन बनवणारं ते स्वस्तातलं अडाप्टर घेऊच नका, ८-पिनवर १५० वॅट जाऊ शकतात आणि साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची ताकद ५४ वॅटचीच, तिथं प्लास्टिक वितळतं. नवीन कार्डांचा बारीक १२-पिनवाला प्लग असला तर टक् आवाज येईपर्यंत आत बसवा आणि लगेच तिथंच वायर मुरडू नका.

अर्थिंग आणि व्होल्टेज

अनवाणी पायाने शहाबादी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावलं आणि मुंग्या आल्यासारखं चुरचुरलं, तर कॅबिनेट खराब नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांची गळती अर्थच्या वायरीने जमिनीत जायला पाहिजे, वाट नसली की ती बॉडीवर येऊन थांबते. जुन्या घरांत बोर्डावर तिसरं भोक असतं पण मागं वायरच नसते. वायरमनला बोलवून मीटरने फेज-अर्थ मोजून घ्या, फेज-न्यूट्रलइतकंच यायला पाहिजे. अर्थिंग असली तरी उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठाक पडतो, त्यात अधूनमधून पाणी टाकत चला. पिनची तिसरी दांडी मोडून एक्सटेन्शनला लावणारे महाभाग अजून आहेत, तसं करू नका एवढंच.

गावाकडं रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७०-१८० ला येतं. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस असेल तर त्याला याचं काही वाटत नाही, तो फक्त जास्त करंट ओढतो, त्यामुळं सैल सॉकेट आणि हलकी वायर तापते. त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. मागं ११५-२३० निवडायचं लाल बटण असलेला जुन्या धाटणीचा एसएमपीएस मात्र कमी व्होल्टेजला झोपतो, तो बदलून टाका.

खरी भीती जास्त व्होल्टेजची. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरात व्होल्टेज ३५०-४०० पर्यंत चढू शकतं आणि गल्लीतले टीव्ही-चार्जर एका फटक्यात जातात. साधा स्पाईकबस्टर त्याला पुरत नाही. मीटरनंतर कमी-जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं रिले बसवून घ्या, पन्नास हजाराच्या पीसीपुढं त्याचा खर्च काहीच नाही. आणि मे-जूनमध्ये वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की प्लग उपटा, सोबत इंटरनेटची तांब्याची लॅन वायरही, वीज त्या वाटेनंही येते.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

यूपीएसवर ६०० लिहिलेलं असतं ते व्हीए, वॅट नव्हे. बहुतेक स्वस्त ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॅटचेच असतात, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी. ३०० वॅटवर ती गेम सेव्ह करून बंद करण्यापुरतीच, मॅच पूर्ण करायची स्वप्नं बघू नका. तुम्ही पहिल्या पायरीत मोजलेला खेळतानाचा आकडा काढा, यूपीएसचे वॅट त्याहून किमान चौथ्या हिश्श्याने जास्त पाहिजेत.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो साईनवेव्हचा पाहिजे, स्क्वेअरवेव्हवर चांगल्या एसएमपीएसचं आणि त्याचं जमत नाही, गुणगुणतो किंवा बंद पडतो. मागं एक बटण असतं, यूपीएस आणि इको असं. इकोवर लाईट गेल्यावर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो, यूपीएसवर ठेवलं की सहसा टिकतो. पण इथं आपल्याकडची एक गोम आहे: यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर त्याला लाईट गेली असंच समजतो आणि बॅटरीवर जातो. म्हणजे गल्लीत लाईट आहे, शेजारी टीव्ही चालूय, आणि तुमची बॅटरी गुपचूप संपत चाललीय. ज्यांच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्यांनी घर इकोवर आणि पीसीपुरता वेगळा छोटा यूपीएस, असं करावं. त्यातही तो यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनीवर नीट चालतो का ते आधी बघून घ्या.

१५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, त्यातले हाताशी येतात साठेक टक्के. ३५० वॅटला तीनेक तास, जुनी बॅटरी असेल तर निम्मं धरा. तोच पीसी फ्रेम लिमिट आणि अंडरव्होल्टने २०० वर आणला की पाच तासांच्या आसपास जातं, आणि घरातले पंखेही चालू राहतात, जे घरच्यांच्या दृष्टीने तुमच्या रँकपेक्षा महत्त्वाचं आहे. इन्व्हर्टरवर असताना लावायला आफ्टरबर्नरमध्ये दुसरी प्रोफाईल करून ठेवा, पॉवर लिमिट जेवढं खाली जाईल तेवढं.

उन्हाळा आणि धूळ

पीसी जेवढे वॅट खातो तेवढी सगळी उष्णता त्याच खोलीत पडते, पंखे कितीही लावा. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात, आणि चिप तापली की तिची गळती वाढून ती त्याच कामाला थोडी जास्त वीज खाते. म्हणून जानेवारीत जमलेलं अंडरव्होल्ट एप्रिलमध्ये परत तपासा.

कूलरसमोर पीसी ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. हवा गार असते हे खरं, पण ओलसर असते, आणि गवताची जाळी जुनी झाली की बारीक थेंबही उडतात, आपलं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरा थर. कूलर खिडकीतून, पीसी बाजूला, आणि समोरची खिडकी-दार उघडं, एवढं पाळा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं. सोयाबीन काढणीच्या आणि मळणीच्या दिवसांत बारीक भुसकट कॅबिनेटच्या जाळीवर नमदा धरतं, तेव्हा दर आठवड्याला जाळी झटका. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षं झाली आणि तापमान चढत असेल तरच बदला, उगं दर महिन्याला उघडू नका.

बसवल्यावर पहिल्या दिवशी

नवं कार्ड किंवा एसएमपीएस टाकल्यावर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या प्रोग्रॅमने साफ करा, नवीन टाका, आणि काहीही अंडरव्होल्ट न करता आधी कंपनीच्या सेटिंगवर तासभर जड गेम चालवा. वॉरंटीची काही भानगड असेल तर ती अशीच दिसते. त्या तासात प्लगला, एक्सटेन्शनला आणि भिंतीतल्या सॉकेटला हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून सॉकेट बदला. जळकट वास आला तर कारण सापडेपर्यंत चालू करू नका.

मग परत मीटरपाशी जा, तीच लुकलुक, तेच तीन आकडे, आणि जुन्या कागदावर शेजारी लिहा. काहीच चालू नसताना वॅट जास्त दिसले तर बहुतेक वेळा दोन मॉनिटर वेगवेगळ्या हर्ट्झवर असतात आणि कार्डाची मेमरी झोपतच नाही. दोन्ही एकाच हर्ट्झवर आणा किंवा मोठ्याचा रिफ्रेश डेस्कटॉपपुरता कमी करून बघा. खेळताना जास्त आले तर फ्रेम लिमिट नव्या ड्रायव्हरने पुसलं गेलंय का ते तपासा, दर ड्रायव्हर अपडेटनंतर ही एक नजर टाकायचीच. तिन्ही आकडे बसले की अंडरव्होल्टची पायरी नव्या कार्डावर पहिल्यापासून करा, जुन्या कार्डाची प्रोफाईल तशीच लागू करू नका, आधी ती पुसून टाका.